धुऱ्यावरचे रानद्राक्ष

द्राक्षे कुठे पिकतात, असे वर्गात विचारले तर मुले नाशिक, तासगाव, सोलापूर ही नावे सांगतात. हिंगोलीचे नाव कोणी घेत नाही, आणि त्यात मुलांचे काही चुकत नाही. हिंगोली जिल्हा ओळखला जातो तो वसमतच्या हळदीमुळे, कापूस-सोयाबीनमुळे, औंढा नागनाथमुळे आणि नामदेवांच्या नर्सीमुळे. तरीही पावसाळ्यात औंढा-कळमनुरीकडच्या पानगळीच्या जंगलात, किंवा फावडे न लागलेल्या एखाद्या जुन्या धुऱ्यावर, बोरी-बाभळीवर चढलेला रुंद पानांचा एक वेल जरा थांबून पाहावा. पान थेट द्राक्षाच्या वळणाचे, पानासमोर तणावा, आणि भाद्रपद-आश्विनात वाटाण्याएवढ्या काळसर फळांचे घोस. हे आपले रानद्राक्ष. जुन्या वनस्पतिग्रंथांत त्याचे 'गोलिंदा' असेही मराठी नाव सापडते. शास्त्रीय नाव अँपेलोसिसस लॅटिफोलिया. ग्रीक भाषेत 'अँपेलोस' म्हणजे द्राक्षवेल. लॅटिफोलिया म्हणजे रुंद पानांचा.

हा वेल घराच्या परसात किंवा शाळेच्या कुंपणावर लावता येतो. तो कसा लावावा हे आम्ही पुढे सांगूच. पण त्याच्या नावामागचा इतिहास आधी पाहू या, कारण तो फक्त या एका वेलाचा इतिहास नाही. आज महाराष्ट्रातल्या बहुतेक द्राक्षबागा ज्या मुळांवर उभ्या आहेत, त्या मुळांचे नाव आणि आपल्या या दुर्लक्षित वेलाचे नाव एकाच माणसाने ठेवलेले आहे.

पाहुणा कोण आणि घरचा कोण?

आपण बाजारातून आणतो ते द्राक्ष, म्हणजे व्हायटिस व्हिनिफेरा, मूळचे पश्चिम आशियाच्या बाजूचे. दख्खनमध्ये ते आले त्यालाही शतके लोटली. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादला आला होता. तिथे द्राक्षे आणि डाळिंबे होतात आणि ती वर्षातून दोनदा फळतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. थंड प्रदेशातला द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जातो. आपल्याकडे तशी थंडी पडत नाही, म्हणून तो झोपत नाही. त्यामुळेच आजचा बागाईतदार एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये अशी दोनदा छाटणी करतो आणि दुसऱ्या छाटणीचे पीक घेतो. सहाशे वर्षांपूर्वीच्या प्रवाशाला नवलाचे वाटले ते आजही बागेत दिसते.

पण द्राक्षाचे कुल, म्हणजे व्हायटेसी हे कुल, या भूमीला सहाशे वर्षांनी जुने नाही. नागपूरजवळ माहुरझरी नावाचे गाव आहे. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना ते महापाषाणयुगीन शिलावर्तुळांसाठी आणि तिथल्या दगडी मण्यांसाठी माहीत आहे. वनस्पतींच्या जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्यांना ते वेगळ्याच कारणाने प्रिय आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा काळा पाषाण तयार होत होता, म्हणजे लाव्हाचे थरांवर थर पसरत होते. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात खोलगट जागी तळी साचत, त्यांच्या काठी झाडी वाढे, आणि तिची फळे, बिया, पाने गाळात पडत. पाण्यातल्या सिलिकेने या वस्तू भिनून त्यांचा दगड झाला. पुढे त्यावर नवा लाव्हा पसरला. माहुरझरीच्या अशा दगडात द्राक्षकुलातल्या वनस्पतीची बियांसह फळे सापडली. स्टीव्हन मँचेस्टर, दशरथ कापगते आणि जून वेन यांनी २०१३ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. या कुलाची तोपर्यंत सापडलेली ती सर्वांत जुनी फळे होती. त्यांना इंडोव्हायटिस चितळेयी असे नाव देण्यात आले. चितळेयी हे नाव श्यामला चितळे यांच्या सन्मानार्थ आहे. नागपुरात दख्खनच्या याच जीवाश्मांवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले, आणि नंतर अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या निसर्गेतिहास संग्रहालयात त्या पुराजीवाश्मवनस्पतींचे काम पाहू लागल्या.

दगडातले बी द्राक्षकुलाचेच, हे कसे ठरवले? याचे उत्तर वर्गात दाखवता येते. बेदाण्यात बी नसते, म्हणून बियांची काळी मनुका आणावी. ती भिजवून बी काढावे व भिंगाखाली धरावे. बीच्या एका बाजूला दोन लांबट खाचा दिसतील आणि पाठीवर एक गोलसर खूण. पोटाकडे दोन खाचा आणि पाठीवर खूण ही जोडी द्राक्षकुलाच्या बियांची सहीच म्हणायची. माहुरझरीच्या दगडातल्या बियांतही तीच सही आहे. हिंगोलीचा पाषाण याच लाव्हाचा. त्या काळी इथे नेमके काय उगवत होते ते दगड फोडल्याशिवाय कळणार नाही, पण या कुलाचे सदस्य दख्खनला नवखे नाहीत एवढे नक्की.

नाव कोणी ठेवले?

अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम रॉक्सबर्ग हा स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतातल्या वनस्पतींची वर्णने लिहीत होता. १७९३ पासून तो कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख होता. आपल्या वेलाला त्याने व्हायटिस लॅटिफोलिया म्हटले, म्हणजे त्याला सरळ द्राक्षाच्याच प्रजातीत बसवले. (इथे प्रजाती म्हणजे अनेक जातींचा गट.) रॉक्सबर्ग १८१५ साली वारला. त्याचे हस्तलिखित छापले सेरामपूरच्या विल्यम केरी याने. रानद्राक्षाचे वर्णन १८२४ च्या खंडात आले. मराठीच्या शिक्षकांना केरी परका नाही. १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मोडी अक्षरांत छापलेला मराठी-इंग्रजी कोश त्याने काढला, तो हाच केरी.

पुढची पन्नास वर्षे रुंद पानांचे हे रानद्राक्ष 'द्राक्ष'च राहिले. हूकर यांच्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथात १८७५ साली या कुलाचे प्रकरण आले, तेव्हा लॉसन या लेखकाने आपल्याकडचे असे सगळे वेल व्हायटिस या एकाच प्रजातीत घातले. आपल्या कुंपणावरची चौकोनी कांडाची कांडवेल, जिला हाडजोड म्हणतात, तीदेखील त्यात आली. लिनेअसने १७६७ मध्ये तिला सिसस म्हटले होते. आता ती व्हायटिस झाली. तीन पानांची अंबटवेलही व्हायटिसच. कांडवेलीला द्राक्ष म्हणणे आज विचित्र वाटते, पण तिची लहानशी फळे आणि पानासमोरचे तणावे पाहिले की त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते हे पटते.

शाळेतल्या मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. याच काळात थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा प्रसिद्ध ग्रंथ लिहिला (१९०१ ते १९०८). महाराष्ट्रातले वनस्पतीचे अभ्यासक अजूनही तो उघडतात. पण हिंगोली त्यात नाही, कारण हिंगोली निजामाच्या राज्यात होती. सरहद्दीअलीकडच्या धुऱ्यावरचा वेल नोंदला गेला आणि पलीकडचा राहिला. वेलाला सरहद्द कळत नाही, पुस्तकाला मात्र कळते. मराठवाड्यातली ही पोकळी भरायला पुढे फार वर्षे लागली. औरंगाबादला १९५८ मध्ये विद्यापीठ झाले. वि. ना. नाईक यांचा उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९७९ मध्ये, आणि सहकाऱ्यांसह लिहिलेला सबंध मराठवाड्याचा ग्रंथ १९९८ मध्ये आला. तेव्हाही हिंगोली जिल्हा नव्हताच; तो १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. म्हणून हिंगोलीच्या वनस्पतींच्या जुन्या नोंदी शोधायच्या तर त्या 'परभणी' या नावाखाली शोधाव्या लागतात.

मेलेला वेल आणि जिवंत वेल

आता आपण दक्षिण फ्रान्सला जाऊ. व्हायटिसमधून आपला वेल बाहेर काढला तो तिथल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाने, आणि त्याला या कुलाकडे ओढले ते एका संकटाने.

१८६० नंतरच्या काही वर्षांत ऱ्होन नदीच्या खोऱ्यातले द्राक्षवेल कारण न कळता मरू लागले. पाने पिवळी पडत, दोन-तीन वर्षांत वेल वाळे आणि रोग शेजारच्या ओळीत सरके. जुलै १८६८ मध्ये तीन जणांची एक समिती पाहणीला गेली. त्यांत माँपेलिएचे प्राध्यापक ज्यूल-एमिल प्लांशाँ होते. लोक मेलेले वेल उपटून पाहत होते आणि त्यांच्या कुजलेल्या मुळांवर काहीच सापडत नव्हते. या समितीने जिवंत, अजून बरे दिसणारे वेल उपटले. भिंगातून मुळांवर पिवळ्या, माव्यासारख्या बारीक किड्यांची रांगच दिसली. वेल मेला की कीड दुसऱ्या वेलाकडे निघून जात होती, म्हणून मेलेल्या मुळांवर पुरावा उरत नव्हता. प्रयोग कुठे करावा यापेक्षा निरीक्षण कुठे करावे हे ठरवणे किती महत्त्वाचे असते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला तरी माहीत नाही.

ही कीड म्हणजे फायलोक्झेरा. ती अमेरिकेतून आणलेल्या रोपांबरोबर आली होती. तिने काय केले हे एका आकड्यावरून कळेल. फ्रान्समध्ये १८७५ साली सुमारे ८४५ कोटी लिटर वाइन झाली होती. १८८९ साली ती सुमारे २३४ कोटी लिटरवर आली. गावेच्या गावे उठली.

उपाय कीड जिथून आली तिथेच सापडला. अमेरिकेतली रानद्राक्षे या किडीबरोबर युगानुयुगे राहत आली होती, म्हणून त्यांची मुळे तिला दाद देत नव्हती. त्यांची फळे मात्र युरोपीयांच्या जिभेला रुचत नव्हती. मग मुळे रानटी आणि वरचा वेल युरोपचा, असे कलम करायचे ठरले. प्लांशाँ १८७३ मध्ये स्वतः अमेरिकेला जाऊन तिथली रानद्राक्षे पाहून आले. कोणता वेल खुंट म्हणून चालेल हे ठरवायचे तर आधी कोणता वेल कोणता हे कळले पाहिजे. नावाची चूक झाली की भलत्याच रोपावर पैसा जाई आणि बाग बुडे. एरवी कोरडे वाटणारे वर्गीकरणशास्त्र त्या वर्षांत शेतकऱ्याच्या पोटापाण्याचा प्रश्न होऊन बसले.

या कामासाठी फ्रान्समध्ये 'ला व्हीन्य अमेरिकेन', म्हणजे 'अमेरिकी द्राक्षवेल', नावाचे एक मासिक निघत असे. त्यातच १८८४ साली प्लांशाँ यांनी अँपेलोसिसस ही नवी प्रजाती मांडली आणि रॉक्सबर्गचा लॅटिफोलिया तिच्यात घातला. भारतातल्या धुऱ्यावरच्या वेलाचे आजचे नाव अशा रीतीने अमेरिकी खुंटांच्या चर्चेसाठी काढलेल्या मासिकात पहिल्यांदा छापले गेले. तरुणपणी त्यांनी लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पतिसंग्रहात काम केले होते, त्यामुळे दूरदेशीच्या वनस्पतींची त्यांना ओळख होती. १८८७ मध्ये सबंध कुलावरचा त्यांचा मोठा ग्रंथ आला आणि पुढच्याच वर्षी ते वारले. कांडवेलही पुन्हा सिसस झाली.

प्लांशाँ यांनीच १८८२ मध्ये टेक्सासच्या एका रानद्राक्षाला व्हायटिस चॅम्पिनी असे नाव दिले होते. याच गटातला, टेक्सासमधल्या एका ठिकाणाचे नाव लाभलेला खुंट म्हणजे डॉगरीज! महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागाईतदाराला याची ओळख करून द्यावी लागत नाही. पूर्वी आपल्याकडे थॉमसन सीडलेसची काडी सरळ जमिनीत लावत. पाण्याचा तुटवडा आणि विहिरी-बोअरचे क्षारयुक्त पाणी यांमुळे अशा बागा टिकेनात, तेव्हा गेल्या तीस-पस्तीस वर्षांत डॉगरीज खुंट लावून त्यावर पाचर कलम करण्याची रीत रुजली. आपल्याकडे हा खुंट आला तो फायलोक्झेरासाठी नव्हे, तर पाण्याचा ताण आणि क्षार सोसण्यासाठी. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने अशा खुंटांवर बरेच काम केले आहे.

टेक्सासच्या माळावरचा एक रानवेल कोणी तरी पाहिला, ओळखला, जपला, म्हणून शंभर वर्षांनी तो सांगली-सोलापूरच्या शेतकऱ्याच्या उपयोगी पडला. तो जपला तेव्हा दख्खनचा दुष्काळ कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. आपल्या रानद्राक्षाचा उद्या असाच उपयोग होईल असे आम्ही म्हणत नाही. ते वेगळ्या प्रजातीचे आहे. पण धुरे जेसीबीने सपाट होत आहेत, उरलेल्यांवर तणनाशक फिरते आहे, आणि कोणी न पाहिलेला वेल गेला तर तो गेल्याचेही कोणाला कळत नाही.

ओळख आणि लावणी

प्लांशाँ यांनी हे वेल कशावरून वेगळे केले, ते फुले पाहून मुलांना सांगता येईल. खऱ्या द्राक्षाच्या फुलात पाकळ्या टोकाशी जुळलेल्या असतात आणि टोपीसारख्या एकदम गळून पडतात. रानद्राक्षाच्या लालसर-तपकिरी, बारीक फुलात त्या सुट्या राहून उघडतात. कांडवेलीच्या फुलात पाकळ्या चारच. रानद्राक्षाची आणखी एक खूण फार सुंदर आहे: फुलोऱ्याच्या देठावरच तणावा असतो. १८६५ च्या आपल्या निबंधात चार्ल्स डार्विनने द्राक्षाचा तणावा हा बदललेला फुलोराच आहे असे दाखवले. अर्धा तणावा, अर्धा फुलोरा अशा मधल्या अवस्था त्याने वेलावर शोधल्या होत्या. रानद्राक्षात एकाच देठावर दोन्ही शेजारी पाहायला मिळतात.

धुऱ्यावर वासनवेलही असते आणि तिची फळेही पिकल्यावर काळसर-जांभळी होतात. तिला तणावे नसतात. ती स्वतःच आधाराला पीळ घालते. मुलांना आधी हा फरक दाखवावा, आणि शिक्षकाची खात्री झाल्याशिवाय रानातले कोणतेही फळ तोंडात घालू नये, असे बजावावे. रानद्राक्षाची पिकलेली फळे खातात, पण कच्ची घशाला खाजतात. या कुलातल्या वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्याचा तो परिणाम. कांडवेलीची भाजी करताना बाया हाताला तेल लावतात आणि भाजीत चिंच किंवा ताक घालतात, तेही या खाजेमुळेच.

लावणीसाठी बी गोळा करणे सर्वांत चांगले. जंगलातला वेल मुळासकट उपटून आणू नये; राखीव जंगलात तर तो गुन्हा होतो. धुरा फोडताना किंवा रस्ता रुंद करताना वेल निघणारच असेल, तर त्याचे जाड, कंदासारखे मूळ मालकाला विचारून उचलावे. आश्विनात पूर्ण काळी झालेली फळे कुस्करून बी धुवावे, सावलीत वाळवावे आणि पावसाच्या तोंडाशी पेरावे. सगळे बी एकदम उगवेल अशी अपेक्षा धरू नये. लागवडीच्या बियाण्यासारखी शिस्त रानबियांना नसते, म्हणून भरपूर पेरावे आणि वाफा लगेच मोडू नये.

हिंगोलीकडच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते आणि त्यात मूळ कुजण्याची भीती असते. म्हणून खड्ड्यात मुरूम आणि पालापाचोळ्याचे खत मिसळून जागा थोडी उंच करावी. आधाराला जुनी बोर, काटेरी कुंपण किंवा बांबूचा मांडव चालतो. पहिल्या वर्षी वेल बेताचाच वाढतो, कारण त्याचा सारा जोर मूळ भरण्यावर असतो.

बहुतेकांची फसगत होते ती हिवाळ्यानंतर. रानद्राक्षाची वरची फांदी दरवर्षी वाळून जाते आणि उन्हाळ्यात जमिनीवर काहीही दिसत नाही. घरात कोणी तरी जागा रिकामी समजून तिथे खणते किंवा झाडतानाचा कचरा जाळते. आम्ही परसात वेल लावला तेव्हा त्या जागेभोवती चार दगड मांडले आणि एक खुंटी ठोकली. मृगाचा पाऊस पडल्यावर खुंटीशेजारी लालसर कोंब वर येतो आणि मग आठवड्याला हात-दीड हात चढतो. शाळेत हेच करताना खुंटीवर गाव, जिल्हा, बी कुठून आणले आणि कधी पेरले ते लिहावे. जिल्हा हिंगोली असे स्पष्ट लिहावे.

फळे पिकू लागली की बुलबुल येतात आणि आपल्या आधी घोस संपवतात. एखाद्या घोसाला पातळ कापडाची पिशवी बांधली तर वर्गापुरत्या बिया मिळतात. त्या धुऊन मनुकेच्या बियांशेजारी भिंगाखाली ठेवाव्यात, आणि पोटावरच्या खाचा व पाठीवरची खूण मुलांनाच शोधू द्यावी.